‘ऑटोकॅड एक्स्पर्ट’ खोडल्यावर: कुपवाडच्या एका ड्राफ्ट्समनच्या प्रोफाइलचं प्रकरण

मी सांगलीत विश्रामबागला राहते. कारखान्यांची माहितीपत्रकं, वेबसाइटचा मजकूर, अधूनमधून कुणाचं प्रोफाइल अशी लिखाणाची कामं घेते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, रकमा थोड्या गोल केल्या आहेत. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला ताई. वयानं कोण मोठं हे दोघांनीही आजवर विचारलेलं नाही.

पार्श्वभूमी

दादा कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समन आहेत. आयटीआय केल्यापासून चौदा वर्षं हेच काम. पगारात घर चालतं, मागे काही राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. वायरिंग, फर्निचर, खालच्या खोल्यांचा गिलावा असं सगळं नव्यानं करताना काढलेलं कर्ज अजून फिटायचं होतं. आयटीआयचा एक मित्र पुण्यात बसून परदेशी गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं करतो आणि डॉलरमध्ये कमावतो, हे ऐकून ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवर प्रोफाइल उघडलं.

ते माझ्याकडे आले जानेवारी २०२५ मध्ये. तोवर ४७ प्रपोजल, म्हणजे कामासाठीचे अर्ज, पाठवून झाली होती. तीन उत्तरं आली. पहिल्यानं फुकट नमुना करून मागितला आणि गायब झाला. दुसरा म्हणाला टेलिग्रामवर या. तिसऱ्यानं कामाआधी ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ भरायला सांगितलं. हे तिन्ही प्रकार नव्या माणसाच्या वाट्याला येतातच. दादांनी पैसे भरले नाहीत, एवढं बरं झालं.

पण खर्च झालाच होता. अपवर्कवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे विकत घ्यायची टोकनं, लागतात. एक कनेक्ट ०.१५ डॉलरला, आणि एका प्रपोजलला दहा-बारा सहज जातात. ४७ प्रपोजलचे मिळून सात हजार रुपयांच्या घरात गेले होते. हे पैसे घरी सांगितले नव्हते. माझ्याकडे येण्याचं खरं कारण तेच असावं. त्या महिन्यात वहिनींनी बँकेचं पासबुक भरून आणलं होतं.

अडचण काय दिसली

प्रोफाइल उघडलं. फोटो महाबळेश्वरचा, काळा गॉगल, मागे धुकं आणि शेजारच्या कुणाचा तरी कापलेला खांदा. शीर्षकात ऑटोकॅड एक्स्पर्ट, सॉलिडवर्क्स (दोन्ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर), टूडी-थ्रीडी ड्राफ्टिंग, मध्ये उभ्या रेघा. दर तासाला पाच डॉलर. परिचयाची सुरुवात ‘मी मेहनती आणि प्रामाणिक असून वेळेत काम पूर्ण करतो’ अशा अर्थाची. कौशल्यांमध्ये सोळा सॉफ्टवेअरची नावं, त्यातली चार त्यांनी एकदाच उघडून पाहिलेली.

हे सगळं नेहमीचंच. मी हादरले ते कामाचे नमुने बघून. त्यात त्यांच्या कंपनीची खरी ड्रॉइंगं होती. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, कंपनीचं नाव, कंपनीच्या गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर, सगळं वाचता येण्याजोगं.

“दादा, हे कुणाचं आहे?”

“माझंच. मीच काढलंय.”

काढलं त्यांनीच होतं, पण मालकी त्यांची नव्हती. पगारावर असताना कंपनीसाठी केलेली ड्रॉइंगं कंपनीची, आणि पार्टचं डिझाइन बहुधा कंपनीच्या गिऱ्हाइकाचं. शिवाय जो परदेशी माणूस आपला पार्ट यांच्याकडे देणार, तो हे बघून काय म्हणेल? उद्या माझंही ड्रॉइंग हा असंच टांगेल. दहा मिनिटांत सगळे नमुने काढून टाकले. पोर्टफोलिओ रिकामा झाला आणि दादांचा चेहरा पडला. चौदा वर्षांचं काम, आणि दाखवायला एक कागद नाही.

पहिला प्रयत्न, जो माझ्यामुळे फसला

इथली चूक माझी आहे. मला वाटलं अडचण इंग्रजीची आहे. म्हणून मी मला येतं तेच केलं, मजकूर घासूनपुसून लिहिला. वाक्यं लांब, डौलदार. भाषेच्या रकान्यात ‘फ्लुएंट’ निवडलं. गॉगलचा फोटो बदलला. शीर्षकात ‘प्रिसिजन’ आणि ‘सोल्यूशन्स’ आले.

फेब्रुवारीत एका कॅनडातल्या माणसानं उत्तर दिलं आणि थेट व्हिडिओ कॉल मागितला. दादांनी खोलीचं दार लावलं, लेकीला आजीकडे पाठवलं, इस्त्रीचा शर्ट घातला. दहा मिनिटांत कॉल संपला. प्रश्न त्यांना कळत होते, उत्तर माहीत होतं, पण तोंडातून यायला वेळ लागत होता. समोरच्यानं प्रोफाइल वाचून जो माणूस डोक्यात धरला होता तो पडद्यावर नव्हता. तो सभ्यपणे ‘कळवतो’ म्हणाला. कळवलं नाही.

संध्याकाळी दादांचा फोन आला. “ताई, प्रोफाइलमधला माणूस लई भारी हाय. पण तो मी न्हाई.”

मी लिहिलेलं सगळं मी त्याच रात्री काढून टाकलं. प्रोफाइलचं इंग्रजी त्या माणसाच्या इंग्रजीपेक्षा वरचं असेल, तर पहिल्याच बोलण्यात विश्वास जातो आणि तो परत येत नाही. तोच मजकूर त्यांच्या साध्या, तुटक वाक्यांत असता तर कदाचित कॉलची वेळच आली नसती. लिहूनच बोलणं झालं असतं.

मिस्त्रींच्या शेडमध्ये

पुढच्या रविवारी मी म्हटलं, मला तुमचं काम दाखवा. कंपनीत नेता येत नव्हतं. ते मला त्यांच्या ओळखीच्या एका पॅटर्न मिस्त्रींच्या शेडमध्ये घेऊन गेले. मिस्त्री साठीच्या पुढचे, लाकडी पॅटर्न करणारे. पॅटर्न म्हणजे पार्टची प्रतिकृती, तिच्यावरून वाळूत साचा करून धातू ओततात. शेडभर सागवानी भुसा आणि फेविकॉलचा वास.

दादांनी टेबलावरून स्टीलची एक पट्टी उचलली आणि खिशातली साधी पट्टी काढून तिच्या शेजारी ठेवली. शून्याला शून्य लावलं. “आता टोकाला बघा.” मिस्त्रींच्या पट्टीवरची ३०० ची रेघ साध्या पट्टीवर ३०३ ला येत होती.

“पट्टी चुकलीय?”

मिस्त्री हसले. चुकलेली नव्हती. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं. ग्रे कास्ट आयर्न साधारण एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, स्टील दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून ३०० मिलिमीटरचा पार्ट हवा असेल तर पॅटर्न ३०३ चा करावा लागतो. मिस्त्रींना दरवेळी गणित नको, म्हणून पट्टीच ताणलेली. श्रिंकेज स्केल म्हणतात तिला. पुढचा अर्धा तास दादा बोलत होते. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना टेपर, म्हणजे किंचित उतार, द्यावा लागतो. जिथे मशिनिंग होणार तिथे जादा माल ठेवावा लागतो. भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असली की जाड जागी पोकळी राहते. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, चुकीच्या जागी घेतली की साचा भरणारा मोल्डर शिव्या देतो. एकदाही अडखळले नाहीत. मराठीत बोलत होते हे खरं, पण मला त्यातलं जे समजलं ते भाषेमुळे समजलं नाही. ते एकेक वस्तू हातात घेऊन दाखवत होते.

आणि यातलं एक अक्षर त्यांच्या प्रोफाइलवर नव्हतं.

मी विचारलं, “हे का लिहिलं नाही?”

“हे काय लिहायचं? हे सगळ्यांना येतंय की.”

कुपवाडला, मिरजेला, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावला येत असेल. फाउंड्रीच्या भट्टीजवळ चौदा वर्षं काढलेल्या माणसाला त्यात विशेष वाटत नाही. पण अपवर्कवर ‘ऑटोकॅड एक्स्पर्ट’ लिहिणाऱ्या हजारोंतल्या बहुतेकांनी पॅटर्न हातातही घेतलेला नसतो. ते काढतात ते मॉडेल पडद्यावर सुरेख दिसतं, पण वाळूतून निघत नाही.

कोणते पर्याय होते

त्या रात्री त्यांच्या घरी, भडंगाची प्लेट मध्ये ठेवून, चार गोष्टी मांडल्या. वहिनीही बसल्या होत्या. सात हजारांचा विषय तोवर उघड झाला होता आणि त्या काहीशा घुश्शात होत्या. पण सगळ्यात नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

पहिला पर्याय दादांच्या मनातला होता, दर तीन डॉलरवर आणायचा. माझा विरोध होता. पाचला कोणी येत नाही ते महाग म्हणून नव्हे. नेमकं काम करून हवं असणारा माणूस पाच डॉलरचा दर बघून घाबरतो, आणि तीन डॉलरला फुकट नमुना मागणारेच येतात.

दुसरा, फायव्हरसारख्या दुसऱ्या साइटवर ठरावीक किमतीचं पॅकेज लावायचं. वाईट नव्हतं, कनेक्ट्सचा खर्च वाचला असता. पण ओतीव पार्टचं काम पाहिल्याशिवाय त्याची किंमत सांगता येत नाही. पुढे बघू म्हणून मागे ठेवलं.

तिसरा, ऑनलाइन सोडून आजूबाजूच्या छोट्या फाउंड्रींची ड्रॉइंगं संध्याकाळी करायची. वहिनींचा कल याकडे होता, कारण माणूस ओळखीचा असतो. अडचण अशी की तेच लोक कंपनीचे प्रतिस्पर्धी. नोकरीवर येणारी गोष्ट होती.

चौथा, फक्त ओतकामाचं प्रोफाइल करायचं. दादा घाबरले. “एवढंच लिहिलं तर बाकीची कामं जातील की.” मी म्हटलं, बाकीची कामं आहेत कुठे? मग आम्ही बसून शोध घेतला. नुसतं ऑटोकॅड टाकलं की कामांची रांग, आणि जवळजवळ प्रत्येकावर ‘५० पेक्षा जास्त प्रपोजल’. कास्टिंग, पॅटर्न, तुटलेला भाग असे शब्द टाकले की आठवड्याला जेमतेम चार-पाच कामं. पण त्यांवर प्रपोजल ‘५ पेक्षा कमी’ किंवा ‘५ ते १०’.

वहिनी म्हणाल्या, “पन्नासात एकावन्नावं होण्यापरीस पाचात सहावं झालेलं बरं.” निर्णय झाला.

काय केलं, कोणत्या क्रमानं

कंपनीची परवानगी आधी घ्यायची असं मी सुचवलं. नेमणूकपत्रात ‘लेखी परवानगीशिवाय दुसरं काम करू नये’ असं कलम होतं. दादांना वाटत होतं गप्प बसावं, कोण बघतंय. दोन दिवस विचार केला आणि मालकांना भेटले. मालक म्हणाले, रविवारी काय करायचं ते करा, पण आपल्या गिऱ्हाइकांचं आणि आपल्यासारख्या पार्टचं नको. तोंडी होकार लगेच मिळाला, लेखी पत्र यायला तीन आठवडे गेले. तोपर्यंत प्रोफाइल बंद ठेवलं. दादांना हे फार जड गेलं.

मग सॉफ्टवेअर. इथे मला जरा अवघड बोलावं लागलं. घरच्या कॉम्प्युटरवरचं सॉलिडवर्क्स क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवाय चालवलेलं, होतं. पार्टटाइम कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचं, काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी ते तसंच असतं, हे उघड गुपित आहे. पण परदेशी कंपनीसाठी पैसे घेऊन त्यावर काम करणं म्हणजे स्वतःच्या हातानं अडकणं. फ्युजन या तशाच सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. पूर्ण परवान्याला तेव्हा पैसे नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅडची १.० आवृत्ती आली होती. पूर्ण मोफत, आणि धंद्याच्या कामालाही चालते. दादांनी आठवडाभर शिव्या देत ती शिकून घेतली. सॉलिडवर्क्समध्ये दोन क्लिकमध्ये होणारं काम तिथे सहा क्लिकमध्ये होतं, ही तक्रार आजही आहे. प्रोफाइलवर स्पष्ट लिहिलं की फाइल स्टेप (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं) आणि पीडीएफ स्वरूपात मिळेल.

नंतर रिकामा पोर्टफोलिओ. दादा भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं तीन तुटके भाग घेऊन आले. उसाच्या रसाच्या चरकाचा बेअरिंग ब्रॅकेट, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर आणि बेदाणा साफ करायच्या मशीनची पुली. कुणाच्या मालकीचं ड्रॉइंग नाही, गुपित नाही. प्रत्येक भागाची तीच गोष्ट दाखवली. तुटक्या भागाचा फोटो, शेजारी पट्टी. मग हातानं मापं टिपलेला वहीचा कागद, खोडाखोडीसकट. मग तयार पार्टचं मॉडेल, मग टेपर आणि श्रिंकेज धरलेलं पॅटर्नचं मॉडेल, शेवटी ड्रॉइंग. वहीचा कागद ठेवू नये असं दादांना वाटत होतं, अक्षर चांगलं नाही म्हणून. मी हट्टानं ठेवला. पुढे दोन गिऱ्हाइकांनी त्याच कागदाबद्दल विचारलं.

सगळ्यात वर, पहिला नमुना म्हणून, मिस्त्रींच्या शेडमधला फोटो लावला. दोन पट्ट्या शेजारी शेजारी, शून्याला शून्य, आणि टोकाला तीन मिलिमीटरचा फरक. खाली एक ओळ, मला या फरकाचं काम येतं. प्रोफाइलचा फोटोही त्याच शेडमध्ये काढला, खिडकीच्या उजेडात. गॉगल नाही.

मजकूर या वेळी दादांनी लिहिला, मी फक्त स्पेलिंग बघितलं. शोधाच्या यादीत गिऱ्हाइकाला शीर्षक, दर आणि परिचयाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून सगळा जोर तिथे. शीर्षकाला ७० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात ‘तुटक्या ओतीव भागापासून पॅटर्नच्या मॉडेलपर्यंत’ एवढंच बसवलं. परिचयाची इंग्रजी सुरुवात मराठीत सांगायची तर अशी: ‘तुमचा ओतीव भाग तुटला आहे आणि ड्रॉइंग सापडत नाही? फोटो आणि मापं पाठवा. मी चौदा वर्षं फाउंड्रीत आहे. मॉडेल पॅटर्न बनवण्याजोगं असेल.’ खाली एक ओळ, ‘माझं इंग्रजी साधं आहे. मी लिहून लवकर उत्तर देतो.’ भाषेच्या रकान्यात ‘कन्व्हर्सेशनल’.

दर १४ डॉलर. हा आकडा कुठल्या शास्त्रातून आला नाही. पंधरा म्हणायला दादांची जीभ रेटेना.

पहिलं काम आणि उलटलेलं भोक

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधून एक काम आलं. जुना लेथ दुरुस्त करणारा एक हौशी माणूस, त्याच्या यंत्राचा ब्रॅकेट तुटलेला, ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. किंमत ठरली ६० डॉलर. अपवर्कवर ठरावीक किमतीच्या कामात गिऱ्हाइक पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्कच्या ताब्यात, ठेवतो. काम पाठवलं की तपासायला त्याला १४ दिवस असतात. मान्य झाल्यावर आणखी पाच दिवसांनी पैसे आपल्याकडे. त्यामुळे ‘पैसे अडकले’ असं वाटून दादांनी घाबरू नये, हे आधीच सांगून ठेवलं होतं. ओहायोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा, त्यांच्या उन्हाळ्यात, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. दादा कामावरून येऊन हातपाय धुऊन बसले की तिकडे ऑफिस उघडलेलं. हा मेळ मात्र नशिबानं जुळला.

मॉडेल उत्तम झालं. ड्रॉइंगही. पण ते दादांनी सवयीनं फर्स्ट अँगलमध्ये काढलं, कारण आपल्याकडे तीच पद्धत. उजव्या बाजूनं दिसणारं दृश्य डावीकडे मांडतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे ते उजवीकडेच मांडतात. कोपऱ्यात पद्धतीचं चिन्ह होतं, पण बोटाच्या पेराएवढंही नाही. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग आपल्या सवयीनं वाचलं आणि त्याला एक भोक चुकीच्या बाजूला दिसलं. सुदैवानं त्यानं पॅटर्न कापायच्या आधी मॉडेल फिरवून बघितलं आणि गोंधळला.

दादांचा पहिला झटका होता, चूक नाही, चिन्ह आहे ना. उत्तर लिहायला बसले तेव्हा मी फोनवर होते. एक-दोन वाक्यं लिहून खोडली. शेवटी पाठवलं ते असं: ‘इथे आम्ही दुसऱ्या पद्धतीनं काढतो. मी आधी विचारायला हवं होतं. आज रात्री तुमच्या पद्धतीनं पाठवतो, पैसे नकोत.’ पाठवलं. पाचपैकी चार तारे मिळाले. अभिप्रायात त्यानं लिहिलं की पहिल्या ड्रॉइंगमध्ये गोंधळ झाला, पण मॉडेल थेट फाउंड्रीला देता आलं. मला तो चार ताऱ्यांचा अभिप्राय पाचांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण वाचणाऱ्याला त्यात काय घडलं ते दिसतं.

त्याच आठवड्यात परिचयात ओळ वाढली, ‘काम सुरू करण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: ड्रॉइंग फर्स्ट अँगल की थर्ड, मापं इंचात की मिलिमीटरमध्ये, आणि कोणत्या धातूत ओतणार.’

निकाल

एप्रिल ते डिसेंबर २०२५ या काळात ३१ प्रपोजल गेली, १२ उत्तरं आली, ७ कामं झाली. त्यातली तीन जुन्याच गिऱ्हाइकांची. दोन वेळा गिऱ्हाइकानं स्वतःहून बोलावणं पाठवलं. तेव्हा दादांनी स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवला होता. एकूण ११५० डॉलरच्या आसपास. अपवर्कचं शुल्क आधी सरसकट १० टक्के होतं, मे २०२५ पासून नव्या कॉन्ट्रॅक्टवर ते ० ते १५ टक्क्यांत बदलतं. सगळं वजा जाता हातात साधारण ८८ हजार रुपये आले. नोकरी सोडण्याएवढं नाही. पुराच्या कर्जाचे हप्ते मात्र त्यातून गेले. दर आता १८ डॉलर आहे.

कराचं एक सांगायला हवं, कारण पगारदार माणूस इथेच चुकतो. हे उत्पन्न पगारात मोडत नाही, त्यामुळे विवरणपत्राचा नेहमीचा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. सीएंनी १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएचा मार्ग दाखवला, तांत्रिक सल्ल्याचा व्यवसाय त्यात येतो आणि निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. जीएसटीची २० लाखांची मर्यादा फार दूर आहे. बँकेत परदेशातून पैसे आल्याचा दाखला प्रत्येक वेळी जपून ठेवायचा, हे मात्र वहिनींनी हातात घेतलं आहे. फाइल त्यांच्याकडे असते.

एक काम हातचं गेलं त्याची चुटपुट आहे. जर्मनीतल्या एकाला मोठं, महिनोन्‌महिने चालणारं काम द्यायचं होतं, पण त्याला सॉलिडवर्क्सचीच मूळ फाइल हवी होती. दादांनी नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री जुनी क्रॅक आवृत्ती पुन्हा टाकावी का, असा फोन आला होता. मी नको म्हटलं. बरोबर म्हटलं असं वाटतं. पण हप्ते मी भरत नाही, हेही मला माहीत आहे.

पुन्हा करायचं झालं तर

मिस्त्रींच्या शेडमध्ये आधी जाईन, मजकुराला नंतर हात लावीन. फेब्रुवारीचा सगळा महिना मी वाया घालवला, आणि त्या कॅनडाच्या कॉलनंतर दादा सगळं सोडायच्या बेतात होते.

परवानगीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला सांगेन. लेखी पत्राची वाट बघण्यात गेलेले तीन आठवडे पोर्टफोलिओ करण्यात सत्कारणी लागले असते.

सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी पहिल्या कामापासून थोडी रक्कम बाजूला काढायला हवी होती. तशी काढली असती तर जर्मनीचं काम येईपर्यंत निदान काही महिन्यांच्या भाड्याचा परवाना घेता आला असता. आता प्रत्येक कामाचे १० टक्के वेगळ्या खात्यात जातात.

आणि मिस्त्रींचं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन दादा शेडमध्ये गेले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “माझ्या पट्टीचा फोटो अमेरिकेला गेला म्हणं. मला काय?” चेष्टेतच म्हणाले होते. पण दादांना ते लागलं, कारण मधल्या महिन्यांत दोनदा त्यांनी मॉडेल मिस्त्रींना दाखवून फुकट सल्ला घेतला होता. आता प्रत्येक पॅटर्नचं मॉडेल पाठवण्याआधी रविवारी सकाळी मिस्त्रींच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि तपासणीचे तीनशे रुपये ठरलेत. मिस्त्रींना माऊस चालवता येत नाही. दादा मॉडेल फिरवतात, मिस्त्री पडद्याला बोट लावून थांबवतात. डिसेंबरच्या शेवटच्या कामात त्यांनी एका उंच बॉसवर, म्हणजे पार्टवरच्या उंचवट्यावर, बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं टेपर कमी हाय. वाळू फाटणार.” दादांनी तिथेच बसून एक अंशाचा दोन अंश केला.